अट हीच योजना होती

आमच्या मावसभावंडांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर परवा भांडण पेटलं, आणि ते चक्क शाळेवरून. मावसभाऊ डॅलसला असतो, टेक्सासमध्ये मे २०२५ मध्ये व्हाउचरचा कायदा झाला, एक अब्ज डॉलरची तरतूद, खासगी शाळेत मूल घालणाऱ्याला वर्षाला साधारण दहा हजार डॉलर, आणि दादा खूश. त्याने टाकलं की बघा, सरकारने शाळा चालवायच्याच कशाला, पैसे पालकांच्या हातात द्या, भारतातही हेच व्हायला पाहिजे. पुण्यातली भाची शिक्षणात एम.ए. करते, तिने लगेच उलट टाकलं की हे सगळं उजव्या अब्जाधीशांचं कारस्थान आहे. मग दादाने हुकुमाचा एक्का काढला: ही कल्पना सगळ्यात आधी आणली कोणी माहितीये का, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरातल्या एका गरीब ब्लॅक बाईने, तीही डेमोक्रॅट, नाव पॉली विल्यम्स. भाची म्हणाली ती त्यांच्या हातातली बाहुली होती. दादाने स्मायली टाकली. संपलं. दोन्ही बाजूंनी बाईंचं नाव वापरलं आणि बाईंनी तीस वर्षं आमदारकीत नेमकं काय केलं हे कोणीच विचारलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त त्रास या गोष्टीचा झाला.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, नंतर गुंडाळत बसत नाही. पॉलीबाईंनी १९९० मध्ये व्हाउचरचा जो कायदा आणला त्यातल्या अटी म्हणजे नाइलाजाने जोडलेलं शेपूट नव्हतं. त्या अटी हीच ती योजना होती. उत्पन्नाची मर्यादा, मुलांच्या संख्येची मर्यादा, सोडत, वरून फी घ्यायची नाही, हे सगळं काढून टाका आणि पालकांच्या हातात नुसता चेक ठेवा, की जे उरतं त्याला पॉली विल्यम्सचं नाव लावणं म्हणजे आजीच्या पाटल्या वितळवून स्वतःसाठी साखळी करायची आणि वर सांगायचं की ही आजीची आठवण. आणि दुसऱ्या बाजूला, बाईंना बाहुली म्हणणाऱ्यांनी एकदा त्या शहरात १९७६ नंतर ब्लॅक पोरांचं काय चाललं होतं ते वाचावं.

बाई मूळच्या मिसिसिपीच्या, गाव बेल्झोनी, जन्म १९३७ चा. लहानपणीच घरच्यांबरोबर उत्तरेला मिलवॉकीत आल्या, तसे तेव्हा लाखो ब्लॅक लोक दक्षिण सोडून कारखान्यांच्या शहरांत येत होते. मागे राहिलेल्या त्या बेल्झोनीत १९५५ मध्ये रेव्हरंड जॉर्ज ली नावाच्या पाद्र्याला गोळ्या घालून मारलं, का तर तो ब्लॅक लोकांची मतदार यादीत नावं नोंदवत होता. म्हणजे मत या गोष्टीची किंमत काय असते हे या बाईंच्या गावाला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. मिलवॉकीत त्या नॉर्थ डिव्हिजन हायस्कूलमध्ये शिकल्या, चार मुलं झाली, घटस्फोट झाला, काही काळ सरकारी मदतीवर काढला, संसार आणि नोकरी सांभाळत वयाच्या अडतिशीत पदवी घेतली, आणि १९८० मध्ये विस्कॉन्सिनच्या विधानसभेवर निवडून गेल्या त्या थेट २०११ पर्यंत तिथेच. १९८४ आणि १९८८ ला ब्लॅक हक्कांचे डेमोक्रॅट नेते जेसी जॅक्सन राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीला उभे राहिले तेव्हा विस्कॉन्सिनमधली त्यांची मोहीम बाईंनी सांभाळली. जेसी जॅक्सन! उजव्यांच्या बाहुलीचा बायोडेटा असा असतो का?

आता बसचं सांगतो, कारण बस कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. मिलवॉकीत शाळा कायद्याने वेगळ्या नव्हत्या पण वस्त्या वेगळ्या होत्या त्यामुळे शाळाही वेगळ्या. साठच्या दशकात ब्लॅक वस्तीतल्या शाळा भरून वाहायला लागल्या तेव्हा शाळा मंडळाने एक अजब पद्धत काढली, ब्लॅक मुलांचा अख्खा वर्ग शिक्षकासकट बसमध्ये भरून गोऱ्या वस्तीतल्या शाळेत न्यायचा, तिथे त्यांना वेगळ्या खोलीत बसवायचं, गोऱ्या मुलांत मिसळू द्यायचं नाही, आणि सुरुवातीला तर दुपारच्या जेवणाला परत बसमध्ये घालून आपल्या शाळेत आणायचं आणि जेवण झालं की पुन्हा तिकडे. वाचताना मला आमच्याकडचं वर्गाबाहेर ओसरीवर बसवणं आठवलं, फक्त इथे त्यासाठी डिझेल जाळलं जात होतं. याविरुद्ध लढला लॉइड बार्बी, हा वकील, आणि हाही विधानसभेचाच सदस्य. १९६४ मध्ये त्याने शाळांवर बहिष्कार घडवून आणला, १९६५ मध्ये केस टाकली, आणि जानेवारी १९७६ मध्ये फेडरल कोर्टाने निकाल दिला की हो, शहराने शाळांमधली फाळणी टिकवून ठेवली, ती संपवा. मोठा विजय होता, त्यात वाद नाही.

पण अंमलबजावणी झाली ती अशी की प्रवासाचं ओझं बहुतेक सगळं ब्लॅक मुलांवर पडलं. गोऱ्या पालकांना दुखवायचं नाही हा हिशेब पक्का होता. त्यांच्या शाळा जागच्या जागी राहिल्या आणि ब्लॅक वस्तीतल्या शाळा एक तर बंद झाल्या नाहीतर स्पेशल शाळा करून शहरभरातल्या मुलांसाठी उघडल्या, त्यामुळे समोरच्या गल्लीतल्या पोरालाच तिथे जागा नाही. १९७९ मध्ये नॉर्थ डिव्हिजनवर हीच पाळी आली, नवी इमारत नुकतीच बांधून झाली होती, आणि इमारत चकचकीत झाल्यावर मंडळाला वाटलं की आता ही शाळा वस्तीतल्या पोरांची कशाला. हॉवर्ड फुलर या शहरातल्या ब्लॅक कार्यकर्त्याने शाळा वाचवायची आघाडी काढली, बाई माजी विद्यार्थिनी म्हणून त्यात उतरल्या. शाळा वाचली. स्वतःच्या मुलांना लांब पाठवायच्या मुद्द्यावरूनही बाई मंडळाशी भांडल्याच होत्या. त्यांचं साधं म्हणणं होतं, माझ्या मुलाला शिकायला गोऱ्या मुलाच्या शेजारीच बसायला लागतं असं तुम्ही समजता याचा अर्थ माझं मूल एकटं बसलं तर शिकणार नाही असंच तुम्ही म्हणताय ना?

या प्रश्नाला बार्बीकडेही उत्तर होतं, आणि ते हलकं नव्हतं. वेगळं ठेवलं की पैसा वेगळा जातो, चांगला मास्तर वेगळीकडे जातो, म्हणून एकत्र बसणं हा शेजाराचा प्रश्न नाही, तिजोरीचा आहे. एकाच शहरातले, एकाच सभागृहात वेगवेगळ्या वेळी निवडून गेलेले दोन ब्लॅक आमदार, दोघांना पाहिजे तेच, आणि रस्ते मात्र उलटे. बाई आणि फुलर तर पुढे १९८७-८८ मध्ये नॉर्थ डिव्हिजनच्या भोवतीच्या शाळांचा वेगळा जिल्हाच मागायला लागले, म्हणजे ब्लॅक वस्तीचं स्वतःचं शाळा मंडळ. ते बिल काही कायदा झालं नाही, पण त्यावरून बाईंना फुटीर म्हटलं गेलं, घड्याळ उलटं फिरवताय म्हटलं गेलं.

आपल्याला ही टीका ओळखीची वाटायला हवी. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली ती जातवार काढली, मराठ्यांचं, जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. तेव्हाही म्हणणारे म्हणालेच की महाराज जाती वाढवतायत. पण त्याच महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. म्हणजे वेगळं वसतिगृह आणि एकत्र शाळा या दोन गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात सुखाने नांदत होत्या. वेगळं ठेवण्याला विरोध करताना ते कोण ठेवतंय आणि कशासाठी, हे विचारावं लागतं. बाहेरच्याने कोंडणं आणि आपण होऊन एकत्र राहून ताकद जमवणं यात फरक आहे. बाईंची बाजू मला इथे समजते, पूर्ण पटते असं नाही, पण समजते. फक्त महाराजांच्या हातात संस्थान होतं, बाईंच्या हातात एक मत.

तर मग वेगळा जिल्हा मिळेना, मंडळ ऐकेना, तेव्हा बाईंनी तिसरा दरवाजा शोधला. त्यांची स्वतःची मुलं अर्बन डे नावाच्या वस्तीतल्या लहान खासगी शाळेत शिकली होती. अशा शाळा शहरात होत्या, गरीब, धर्माशी संबंध नसलेल्या, ब्लॅक आणि लॅटिनो पालकांनी धरून ठेवलेल्या, दर वर्षी बंद पडायच्या बेतात. राज्यपाल टॉमी थॉम्पसन रिपब्लिकन, त्याने १९८८ मध्ये धार्मिक शाळांसकट व्हाउचर मांडून पाहिलं होतं, ते पडलं. मग बाईंनी स्वतःचं बिल आणलं आणि १९९० मध्ये ते कायदा झालं.

त्यातल्या अटी जरा नीट बघा. कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १७५ टक्क्यांच्या आत, म्हणजे चौघांच्या घराला तेव्हा साधारण बावीस-तेवीस हजार डॉलर. शहराच्या सरकारी शाळांतल्या पटाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त मुलं नाहीत, म्हणजे हजाराच्या आत. शाळा धार्मिक नको. अर्ज जास्त आले तर शाळेने हुशार पोरं वेचायची नाहीत, सोडत काढायची. राज्याकडून जे २४४६ डॉलर मिळतील तीच पूर्ण फी, वरून पालकाकडे मागायचं नाही. आणि माझ्या मते सगळ्यात शहाणी अट ही की शाळेतली ४९ टक्क्यांपेक्षा जास्त मुलं व्हाउचरची नसावीत. का? तर निम्म्याहून जास्त पालक स्वतःच्या खिशातून पैसे देऊन त्या शाळेत मूल घालतायत हाच शाळा बरी असल्याचा पुरावा. नुसत्या सरकारी कुपनावर जगणारं दुकान निघायलाच नको. हे लिहिणारं डोकं भाबडं नव्हतं. आपण दार उघडतोय आणि त्यातून कोण कोण आत घुसायला बघेल, याची पक्की कल्पना असलेलं ते डोकं होतं. सप्टेंबर १९९० मध्ये ३४१ मुलं सात शाळांत गेली.

आता भाचीचा मुद्दा घेतो आणि तो हलका करून घेत नाही, कारण त्यात दम आहे. व्हाउचरची कल्पना मुळात बाईंची नाहीच. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने ती १९५५ मध्ये लिहून ठेवली होती, बाई तेव्हा अठराच्या होत्या. आणि त्याच सुमारास दक्षिणेतल्या गोऱ्यांनी ती कशी वापरली ते भयंकर आहे. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने एकत्र शाळा नकोत म्हणून १९५९ मध्ये सरकारी शाळाच बंद केल्या, सगळ्या, आणि गोऱ्या मुलांच्या खासगी शाळेची फी भरायला सरकारी अनुदान दिलं, आणि ब्लॅक मुलं १९६४ पर्यंत पाच वर्षं घरी. पाच वर्षं! तेव्हा या हत्याराला रक्त लागलेलं होतं हे खरं. मिलवॉकीतही बाईंच्या मागे नंतर जे पैसेवाले उभे राहिले, ब्रॅडली फाउंडेशन नावाची उजव्या विचारांची देणगी संस्था, शहराचं व्यापारी मंडळ, ते काही वस्तीच्या प्रेमाने आले नव्हते, त्यांना शिक्षक संघटना मोडायची होती, सरकारी शाळा ही कल्पनाच आकसायला हवी होती. आणि बाईंच्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत शिक्षक संघटनेबरोबर एनएएसीपी, म्हणजे ब्लॅक हक्कांची सगळ्यात जुनी संघटना, हीसुद्धा होती. १९९२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बाईंचा कायदा वाचला तो चार विरुद्ध तीन असा, एका मताने.

हे सगळं मान्य. पण यातून बाहुली कशी सिद्ध होते? ज्यांनी बाईंना सांगितलं की रिपब्लिकनांशी हात मिळवू नका, त्यांच्याकडे त्यांना द्यायला काय होतं? आणखी एक बस? डेमोक्रॅट पक्षाची शहरातली सत्ता शिक्षक संघटनेवर उभी, आणि मंडळाच्या कारभाराला वैतागलेल्या गरीब आईचं गाऱ्हाणं ऐकायला त्या पक्षात कोणाला वेळ नव्हता. सार्वजनिक शाळा वाचवा म्हणणाऱ्यांनी आधी त्या शाळेत ज्याचं मूल सडतंय त्याला आज संध्याकाळपर्यंत काय करू हे सांगावं लागतं. दहा वर्षांत सुधारणा होईल हे उत्तर आमदाराला चालतं, आईला चालत नाही, तोवर मूल कॉलेजच्या वयाचं होतं. बाईंना दोन्ही बाजू फिरवत होत्या असं म्हणण्यापेक्षा बाई दोन्ही बाजूंना फिरवू पाहत होत्या असं म्हणणं जास्त खरं आहे. त्यात त्या शेवटी हरल्या, हा भाग वेगळा.

आणि हरल्या कशा ते बघण्यासारखं आहे, कारण एका झटक्यात काही झालं नाही, एकेक खिळा निघत गेला. ४९ टक्क्यांची अट आधी ६५ वर गेली, १९९५ मध्ये पूर्ण गेली. त्याच वर्षी धार्मिक शाळा आत आल्या आणि मुलांच्या संख्येची मर्यादा पंधरा टक्क्यांवर गेली. १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक शाळांना हिरवा कंदील दाखवला, २००२ मध्ये ओहायोतल्या क्लीव्हलंड शहराच्या व्हाउचरच्या केसमध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही. २०११ मध्ये राज्यपाल स्कॉट वॉकरने संख्येची मर्यादा काढून टाकली आणि उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या ३०० टक्क्यांवर नेली, मुळात त्याला ती पूर्णच काढायची होती, पण हॉवर्ड फुलर, तोच नॉर्थ डिव्हिजनवाला, त्याने जाहीर सांगितलं की उत्पन्नाची अट काढलीत तर मी विरोधात उभा राहीन. बाईंनीही तेच सांगितलं, ही योजना गरीब मुलांसाठी होती, ज्यांना आधीच परवडतंय त्यांच्यासाठी नव्हती. पण तोवर त्यांना स्टेजवर बोलावणं कमी झालं होतं. पोस्टरवर चेहरा हवा, मीटिंगमध्ये तोंड नको, असा प्रकार. त्याआधीच कधीतरी त्यांच्या लक्षात आलं होतं की आपला अजेंडा आणि या पैसेवाल्यांचा अजेंडा थोडा वेळ एकाच रस्त्यावर होते इतकंच. ते त्यांनी उघड बोलूनही दाखवलं. २०१४ मध्ये बाई गेल्या. आमंत्रण कमी करणाऱ्यांनीच त्यांना स्कूल चॉइसची, म्हणजे शाळा निवडायच्या या चळवळीची, आई म्हणून श्रद्धांजली वाहिली असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता दादाचं. दादाचा सगळ्यात भारी युक्तिवाद ग्रुपवर त्याने मांडलाच नाही, तो मीच मांडतो. तो असा: नुसत्या गरिबांसाठीची योजना गरीबच राहते. आपण हे रेशन दुकानात डोळ्यांनी पाहिलंय. १९९७ मध्ये रेशन दारिद्र्यरेषेवर बेतलं, पिवळं कार्ड, केशरी कार्ड, मग मध्यमवर्ग दुकानातून निघून गेला आणि त्याच्याबरोबर ओरडणाराही गेला, मास्तर, बँकेतला कारकून, ज्याच्या तक्रारीला तहसीलदार घाबरायचा. तामिळनाडूने रेशन सगळ्यांसाठी ठेवलं आणि तिथली दुकानं बरी चालली. मग तसंच व्हाउचरचं, सगळ्यांना द्या म्हणजे ते टिकेल, मध्यमवर्ग त्याची राखण करेल. अटी म्हणजे गरिबाला एकटं पाडणं. बोला आता.

बोलतो. रेशनवर प्रत्येकाला तोच तांदूळ मिळतो. तहसीलदाराची बायको आणि मोलकरीण एकाच पोत्यातून घेतात, म्हणून एकीची तक्रार दुसरीच्या कामाला येते. बिनअटीच्या व्हाउचरमध्ये काय होतं? दोघींना दहा दहा हजार मिळतात. एक त्यात स्वतःचे वीस हजार घालून तीस हजारांची शाळा घेते, दुसरी दहा हजारांत जे मिळेल ते घेते. पोतं वेगळं, तक्रार वेगळी, आणि तीस हजारवालीला दहा हजारांची शाळा सुधारण्यात काडीचा रस नाही. सगळ्यांसाठी असावी तर शाळा असावी, कुपन नव्हे. बाईंना हे कळत होतं म्हणून तर वरून फी घ्यायची नाही ही अट होती. ती अट असली की व्हाउचर थोडं तरी रेशनसारखं वागतं, ती काढली की ते बिग बझारचं डिस्काउंट कुपन होतं, आणि डिस्काउंटचा फायदा जो आधीच खरेदीला निघालाय त्याला जास्त होतो.

आणि हे मी कल्पनेने सांगत नाहीये. ॲरिझोनाने २०२२ मध्ये योजना सगळ्यांसाठी उघडली, कुठलीही उत्पन्नाची अट नाही, तेव्हा पहिल्या झटक्यात जे अर्ज आले त्यातले साधारण तीन चतुर्थांश अशा मुलांचे होते जी सरकारी शाळेत नव्हतीच, म्हणजे आधीच खासगी शाळेत किंवा घरी शिकत होती. सरकारी शाळेतून कोणाची सुटका झाली मग? महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे नेमकं हेच गाऱ्हाणं मांडलं होतं की सरकारची तिजोरी भरतो शेतकऱ्याच्या घामाने आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गाच्या पोरांवर. तेव्हा सांगितलं जायचं की वरच्यांना शिकवा, मग ज्ञान हळूहळू खाली झिरपेल. आता सांगितलं जातं की सगळ्यांना कुपन द्या, मग स्पर्धा हळूहळू खाली झिरपेल. झिरपायचं ते नेहमी खालच्याच्याच नशिबी का असतं कोण जाणे.

आकड्यांचा एक खेळ तर मला फारच आवडला. मिलवॉकीत वादावादीनंतर मर्यादा ठरली दारिद्र्यरेषेच्या ३०० टक्के. २०२५ च्या जुलैत फेडरल कायदा झाला, देणगीदाराला १७०० डॉलरपर्यंत करसवलत आणि त्या देणगीतून शिष्यवृत्त्या, २०२७ पासून सुरू, ज्या राज्यांना सामील व्हायचंय ती होतील, आणि त्यातही पात्रतेची मर्यादा ३०० टक्केच, फक्त ती दारिद्र्यरेषेच्या नाही तर त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या ३०० टक्के. आकडा तोच, पाया बदलला, आणि अट नावाला राहिली. डॅलसमधले आमचे बहुतेक सॉफ्टवेअरवाले त्यात आरामात बसतील, दादा धरून.

निकालांचं काय? इथे दोन्ही बाजू आपापला अभ्यास खिशात घेऊन फिरतात. मिलवॉकीवर तीस वर्षं अभ्यास झाले, परीक्षेतल्या गुणांत मोठा फरक ठामपणे दिसला असं नाही, कोणाला गणितात थोडा दिसला, कोणाला काहीच नाही. शाळा पूर्ण करून कॉलेजला जाण्यात व्हाउचरची मुलं थोडी पुढे असल्याचं नंतरच्या अभ्यासात आलं. पालक मात्र पहिल्यापासून जास्त समाधानी. आणि दुसरीकडे, पहिल्या पंचवीस वर्षांत या योजनेत आलेल्या दर दहा शाळांतल्या चार बंद पडल्या. पहिल्याच वर्षी सातातली एक शाळा वर्षाच्या मध्येच बंद झाली होती आणि ती पोरं परत सरकारी शाळेत आली, कारण सरकारी शाळा वर्षाच्या मध्ये बंद पडत नाही, तिला पडताच येत नाही. हे वाक्य व्हाउचरवाल्यांनी जरा दोनदा वाचावं, तुमचा बाजार पडतो तेव्हा खाली जाळी धरून तीच शिव्या खाणारी शाळा उभी असते. म्हणून बाईंची एक टक्क्याची मर्यादाही उगाच नव्हती. हजार पोरांची योजना बुडाली तर मोठी व्यवस्था सांभाळून घेते. आज मिलवॉकीत अठ्ठावीस हजारांच्या वर मुलं या योजनेत आहेत.

भारतात व्हाउचर आणा म्हणताना दादा एक गोष्ट विसरला की आपल्याकडे ते एका वेगळ्या नावाने, बऱ्याच अंशी बाईंच्याच अटींसकट, आधीच आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १२(१)(क), खासगी विनाअनुदानित शाळेत पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी एक लाखाची उत्पन्न मर्यादा, ऑनलाइन सोडत, शाळेने फी मागायची नाही, शासन प्रतिपूर्ती देणार, मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये. वर्गातली बाकीची ७५ टक्के मुलं फी भरणारी, म्हणजे बाईंची ४९ टक्क्यांची अट आपण आणखी कडक केली म्हणा ना. तक्रारी ढीगभर आहेत, प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही, शाळा त्या मुलांना गॅदरिंगला मागे बसवतात, उत्पन्नाचे खोटे दाखले निघतात. पण मूळ रचना शहाणी आहे आणि तिचे खिळे काढायचा प्रयत्न इथेही झालाच. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला, खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. पुण्या-मुंबईत एक किलोमीटरच्या आत पालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही अशी खासगी शाळा शोधून दाखवा. कलम जागेवर आणि कलमातली मुलं गायब. उच्च न्यायालयाने मे मध्ये स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्दच केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निकाल कायम ठेवला.

गंमत म्हणजे त्या वेळी सूट हवी म्हणणारे शाळावाले आणि हे कलमच नको, सरकारी शाळा सुधारा म्हणणारे काही पुरोगामी, दोघं एका बाजूला दिसायला लागले होते. दुसऱ्या गटाचं म्हणणं मला मनापासून मान्य आहे, जिल्हा परिषदेची आणि पालिकेची शाळा हीच खरी लढाई आहे, २५ टक्क्यांनी ती जिंकली जात नाही. पण ज्या आईने सायबर कॅफेत रांग लावून फॉर्म भरलाय तिला हे सांगायला जा बघू. तिला पॉली विल्यम्स हे नावही माहीत नसेल, तरी तिचा प्रश्न तोच आहे.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर दादाने विचारलं, मग आता मी काय करू, माझ्या पोरीसाठी अर्ज करू का नको. टेक्सासमध्ये अर्ज कोणीही करू शकतो, जागा कमी पडल्या तर अपंग मुलांना आणि कमी उत्पन्नाच्या घरांना आधी. मी म्हटलं कर ना, कायदा तुला देतोय तर घे, आईबापाशी माझं भांडण नाहीच. फक्त पुढच्या वेळी पॉलीबाईंचा फोटो टाकशील तेव्हा खाली त्यांची १७५ टक्क्यांची अटपण टाइप कर. त्यावर त्याने अजून काही टाकलेलं नाही, दोन निळ्या टिका आल्यात.